पाणी सोडायचं, पण कुणाच्या भरवशावर?

पायाखालचं पाणी : लेखांक ६

गेल्या आठवड्यात आपण दख्खनच्या काळ्या खडकाची रचना पाहिली. राज्याच्या सुमारे चार-पंचमांश भूभागाखाली हा खडक पसरला आहे. त्यात पाणी राहतं ते वरच्या झिजलेल्या थरात आणि खालच्या भेगा-सांध्यांत. गंगाकाठच्या गाळासारखी खोल साठवण इथे नाही. त्यामुळे ते पावसाळ्यात भरतं आणि उपसा जोरात असला तर उन्हाळ्याआधीच संपतं. आता या खडकावर शेती करणाऱ्या माणसांकडे वळू. शेजाऱ्याच्या तीनशे फुटी बोअरने आपल्या चाळीस फुटी विहिरीचं पाणी ओढून नेलं, तर त्याला अडवायचं कशाच्या आधारे? १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यापासून जमिनीच्या मालकाला तिच्याखालचं पाणी उपसण्याचा हक्क मानला गेला आहे. खडकातल्या भेगा मात्र सात-बारा पाहून थांबत नाहीत.

अशा वेळी ‘पाणी जपून वापरा’ हा उपदेश फारसा कामाचा नसतो. शेतकरी स्वार्थी असतो म्हणून नव्हे. ज्याने ऊस सोडून हरभरा घेतला आणि मोटार निम्मा वेळ बंद ठेवली, त्याने वाचवलेलं पाणी जमिनीत त्याच्या नावावर जमा होत नाही. ते पलीकडच्या बोअरला मिळतं. एकट्याने सोडलेल्या सोयीतून गावाचं पाणी वाढत नाही, फक्त शेजाऱ्याचा फड वाढतो. हे कळत असल्यामुळेच भला माणूसही आणखी शंभर फूट खाली जातो. गॅरेट हार्डिन यांनी १९६८ साली सामायिक साधनांच्या या कोंडीवर गाजलेला लेख लिहिला आणि दोनच वाटा दाखवल्या : खासगी मालकी किंवा सरकारी अंकुश. भूजलाला कुंपण घालता येत नाही, त्यामुळे पहिली वाट बंद. दुसरी आपण चालून पाहिली. १९९३ चा पिण्याच्या पाण्याच्या उद्भवांपुरता कायदा झाला, मग २००९ चा व्यापक कायदा आला आणि त्यात साठ मीटरपेक्षा खोल विहिरींवर निर्बंधही आले. पण रात्री गावात शिरलेली बोअरची गाडी तालुक्याचा अधिकारी अडवणार कशी, याचं उत्तर कोणत्याच कलमात नाही.

तिसरी वाट आहे, आणि तिचा उत्तम पुरावा कॅलिफोर्नियात सापडतो. लॉस एंजेलिसच्या किनाऱ्यालगतच्या वेस्ट बेसिनमध्ये अतिउपशामुळे समुद्राचं खारं पाणी भूजलात शिरू लागलं होतं. उपसा कमी करायला हवा हे सगळ्यांना पटत होतं; आधी आपण करायला कोणी तयार नव्हतं. १९५५ च्या करारात उपसा करणाऱ्यांनी एक अट घातली : एकूण हक्कांपैकी ८० टक्के हक्क असणाऱ्यांच्या सह्या झाल्याशिवाय कोणावरच कपात बंधनकारक नाही. त्या एका अटीने सगळं बदललं, कारण सही करणाऱ्याला एकटं पडण्याची भीती उरली नाही. शिवाय कोणी किती उपसलं याचा अहवाल तटस्थ यंत्रणा दरवर्षी सर्वांसमोर ठेवू लागली. या खोऱ्याचा अभ्यास करूनच एलिनोर ऑस्ट्रॉम यांनी आपलं संशोधन सुरू केलं, आणि २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या.

हेच सूत्र आपल्याकडे पुरंदर तालुक्यातही वापरलं गेलं. १९७२ च्या दुष्काळानंतर पुण्याचे उद्योजक विलासराव साळुंखे यांनी नायगावात पाणी पंचायत उभी केली. तिचे नियम आजही धाडसी वाटतात. पाणी जमिनीच्या प्रमाणात नव्हे, माणसांच्या प्रमाणात : माणशी अर्धा एकर भिजेल एवढं, आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांसाठी. ऊस नाही. भूमिहीनालाही वाटा. जमीन विकली तरी तिच्यासोबत पाणी जात नाही. खर्चाचा २० टक्के वाटा लाभधारकांचा. वीस एकरवाल्याने यात काय सोडलं याचा हिशेब करून पाहावा. आणि त्याने ते सोडलं, कारण शेजारच्या वीस एकरवाल्यालाही तेच सोडावं लागत होतं. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने १९९० च्या दशकात शेतीसाठी बोअर घेण्यावर बंदी घातली. यंदा पाऊस किती पडला, विहिरींत किती पाणी आहे, हे मोजून मगच तिथली ग्रामसभा रब्बीची पिकं ठरवते. त्याग मोजता येतो, म्हणूनच तो टिकतो.

यावर आक्षेप येतात, आणि ते हलके नाहीत. पहिला असा की हिवरे बाजारला सरपंच पोपटराव पवार मिळाले, पुरंदरला साळुंखे. प्रत्येक गावाला असा माणूस कुठून मिळणार? यात तथ्य आहे. पाणी पंचायतीच्या बऱ्याच योजना पुढे बंद पडल्या. पण पुढारी माणसांना एकत्र आणतो एवढंच. नियम रोज पाळला जातो तो शेजाऱ्याचा पंप आपल्याला दिसतो म्हणून. धुळे-नाशिककडच्या फड पद्धतीत कोणत्या फडात कोणतं पीक घ्यायचं हे शेतकरी मिळून ठरवत आले, पाटकरी पाणी देत आला, आणि ही व्यवस्था कुणा एका नेत्याच्या नावावर चालली नाही.

दुसरा आक्षेप मला अधिक टोचतो. राज्याच्या लागवडीखालच्या क्षेत्राच्या छोट्याशा भागावरचा ऊस सिंचनाचं निम्म्याहून अधिक पाणी पितो, मग सोय सोडायची ती कोरडवाहू गावानेच का? उसाला एफआरपीची, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दराची, कायदेशीर हमी आणि कारखान्याच्या गेटवर पक्कं गिऱ्हाईक. हरभऱ्याचा हमीभाव बऱ्याचदा जाहीर होण्यापुरताच. ऊस सोडणाऱ्याला तोटा होईल अशी व्यवस्था ठेवायची आणि त्याच्याकडे त्याग मागायचा, हा शुद्ध दांभिकपणा आहे. कडधान्याची खरेदी खात्रीची केली, तर गावाचा नियम पाळणं निम्म्याने सोपं होईल. तरीही सरकार सुधारेल तेव्हा सुधारेल. तोवर खडकातलं पाणी थांबून राहत नाही, आणि गावापुरता करार करायला गावाला कोणाची परवानगी लागत नाही.

दोन ऑक्टोबरच्या ग्रामसभेत हा विषय पत्रिकेवर घ्यायला लावा. बंदीचा ठराव लगेच मांडू नका. आधी गावातल्या विहिरींची पातळी मोजा, आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर नावानिशी लिहा, आणि विचारा : किती जणांनी सही केली तर तुम्ही कराल?