५४ चेंडू आणि १३ चेंडू

यशस्वी जैस्वाल हा मुंबईच्या मैदानांवर घडलेला डावखुरा सलामीवीर. त्याचा जन्म २८ डिसेंबर २००१ रोजी उत्तर प्रदेशातील भदोही जिल्ह्यातल्या सुरियावां इथे झाला. वडिलांचे छोटेसे दुकान होते. क्रिकेटसाठी तो कोवळ्या वयातच मुंबईत आला. काळबादेवीतील एका डेअरीत कामाच्या बदल्यात राहायला जागा मिळाली. पण दिवसभर खेळून दमलेल्या मुलाच्या हातून काम होईना, तेव्हा तीही गेली. मग आझाद मैदानावरच्या मुस्लिम युनायटेड क्लबच्या तंबूत माळ्यांसोबत त्याने सुमारे तीन वर्षे काढली. त्या काळात त्याने पाणीपुरी विकली, ही गोष्ट पुढे इतकी गाजली की तिच्याआड त्याची फलंदाजीच झाकली गेली.

आझाद मैदानावर एकाच वेळी अनेक सामने चालतात; एका सामन्याचा सीमारक्षक दुसऱ्याच्या खेळपट्टीपाशी उभा असतो. चेंडू कधी खाली राहतो, कधी अंगावर उसळतो. इथे धावा करायच्या तर आधी टिकावे लागते. डिसेंबर २०१३ मध्ये प्रशिक्षक ज्वाला सिंग यांनी त्याला याच मैदानावर खेळताना पाहिले. स्वतः उत्तर प्रदेशातून क्रिकेटसाठी मुंबईत आलेल्या सिंग यांनी त्याला घरी नेले आणि त्याच्या खेळाची व शिक्षणाची जबाबदारी उचलली. २०१५ मध्ये गाइल्स शिल्डच्या एका शालेय सामन्यात त्याने नाबाद ३१९ धावा काढल्या, शिवाय ९९ धावांत १३ बळीही घेतले.

शंभर झाल्यावर नव्याने गार्ड घ्यायचा, ही मुंबईच्या फलंदाजीची जुनी शिकवण. जैस्वालच्या धावफलकात ती जागोजागी दिसते. १६ ऑक्टोबर २०१९ रोजी विजय हजारे स्पर्धेत झारखंडविरुद्ध त्याने १५४ चेंडूंत २०३ धावा केल्या, तेव्हा तो १७ वर्षे २९२ दिवसांचा होता. ‘लिस्ट ए’ क्रिकेटमध्ये इतक्या लहान वयात कोणीही द्विशतक काढले नव्हते. पुढच्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेतील १९ वर्षांखालील विश्वचषकात ४०० धावा करून तो मालिकावीर ठरला. अंतिम सामन्यात बांगलादेशविरुद्ध भारताच्या १७७ धावांपैकी ८८ त्याच्या होत्या. तो सामना मात्र हातचा गेला.

आयपीएलमध्ये राजस्थान रॉयल्सने त्याला २ कोटी ४० लाखांना घेतले होते. २०२० च्या हंगामात तीन सामन्यांत जेमतेम ४० धावा झाल्या. नागपूरजवळच्या तळेगावात रॉयल्सच्या अकादमीत झुबिन भरूचा यांच्या देखरेखीखाली त्याने एकेका फटक्यावर तासन्‌तास मेहनत घेतली. फटके वाढले, पण संयम सुटला नाही. याचा दाखला २०२२ च्या रणजी उपांत्य सामन्यात मिळाला. पहिल्या डावात शतक ठोकूनही उत्तर प्रदेशविरुद्धच्या दुसऱ्या डावात पहिल्या धावेसाठी तो ५४ चेंडू थांबला आणि शेवटी १८१ वर पोहोचला. वर्षभराने, ११ मे २०२३ रोजी, ईडन गार्डन्सवर कोलकात्याविरुद्ध याच फलंदाजाने १३ चेंडूंत अर्धशतक ठोकले. आयपीएलमधले ते सर्वांत जलद अर्धशतक होते. ही दोन टोके एकाच बॅटमध्ये असणे, हेच त्याचे वेगळेपण.

जुलै २०२३ मध्ये डॉमिनिकात वेस्ट इंडिजविरुद्ध त्याने कसोटी पदार्पण केले आणि ३८७ चेंडूंत १७१ धावा काढल्या. रोहित शर्माबरोबरची सलामी २२९ धावांची होती. २०२४ च्या सुरुवातीला इंग्लंडविरुद्धच्या मालिकेत विशाखापट्टणमला त्याने २०९ धावा केल्या. भारताच्या ३९६ धावांच्या त्या डावात दुसरी सर्वोच्च धावसंख्या होती फक्त ३४! राजकोटला शतकानंतर पाठ दुखू लागल्याने तो मैदानाबाहेर गेला, दुसऱ्या दिवशी परतला आणि नाबाद २१४ पर्यंत गेला. त्या डावात १२ षटकार होते. कसोटीच्या एका डावातील वासिम अक्रमच्या विक्रमाशी ती बरोबरी होती. मालिकेत ७१२ धावा झाल्या. एका कसोटी मालिकेत सातशेचा टप्पा त्याच्याआधी सुनील गावसकर या एकाच भारतीयाने ओलांडला होता.

परदेशातल्या उसळत्या खेळपट्ट्यांवर हा खेळ चालेल का, ही शंका रास्त होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये पर्थला पहिल्या डावात तो शून्यावर गेला. दुसऱ्या डावात १६१ धावा आल्या आणि के. एल. राहुलसोबत २०१ धावांची सलामीही. पहिली चारही कसोटी शतके दीडशेपार होती.

एप्रिल २०२५ मध्ये मुंबई सोडून गोव्याकडून खेळण्यासाठी त्याने परवानगी मागितली. मुंबई क्रिकेट असोसिएशनने ती दिलीही, पण महिनाभरात विचार बदलून तो मुंबईकडेच राहिला. मुंबईच्या क्रिकेटप्रेमींना हायसे वाटावे, असाच तो निर्णय होता. त्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये लीड्सला १०१ आणि ओव्हलवर ११८ धावा त्याने केल्या. ऑक्टोबरमध्ये दिल्लीत वेस्ट इंडिजविरुद्ध पहिल्या दिवसअखेर तो १७३ वर नाबाद होता. तिसरे द्विशतक समोर दिसत असताना दुसऱ्या दिवशी सकाळी शुभमन गिलशी ताळमेळ चुकला आणि १७५ वर तो धावबाद झाला.