‘संपूर्ण’ उपचार म्हणजे किती?

व्यसनी माणूस गुन्हेगार की रुग्ण? १९८५च्या अमली पदार्थविषयक कायद्याने याची दोन उत्तरं दिली आहेत. कलम २७ नुसार सेवन हाच गुन्हा. हेरॉइन, कोकेनसाठी एक वर्षापर्यंत सक्तमजुरी, गांजासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद. उलट कलम ३९ खाली न्यायालय दोषी व्यसनीला, त्याच्या संमतीने, तुरुंगाऐवजी उपचाराला पाठवू शकतं. १९८९ साली आलेलं कलम ६४-अ त्याही पुढचं. अल्प प्रमाणात, म्हणजे हेरॉइन ५ ग्रॅम किंवा गांजा १ किलोपर्यंत, सापडलेला व्यसनी सरकारी वा मान्यताप्राप्त केंद्रात आपणहून उपचार घेत असेल, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळतं.

मी वकील नाही. कायदा शब्द लावत वाचला आणि परंतुकापाशी अडलो. उपचार ‘संपूर्ण’ घेतले नाहीत, तर हे संरक्षण काढून घेता येतं. संपूर्ण म्हणजे किती? अंगाची तडफड काही दिवसांत ओसरते, ओढ राहतेच. माणूस घसरतो, पुन्हा दाखल होतो. १९८६ पासून पुण्यात काम करणाऱ्या ‘मुक्तांगण’सारख्या केंद्रांना यात नवल नाही. वैद्यकशास्त्र ही घसरण आजाराचाच भाग मानतं. परंतुकाच्या भाषेत मात्र तो अर्धवट सोडलेला उपचार ठरू शकतो. ज्याचा आजार चिवट, त्याचंच कवच पातळ.

२०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्था ‘मानसिक आजारा’त घेतल्या. सरकारी उपचार हा हक्क झाला, रुग्णाला साखळीने बांधायला मनाई झाली. कलम २७ मात्र जागच्या जागी आहे.