'सराफिना-२' आणि शाळेच्या पटांगणातलं नाटक
(लेखमाला : नाटक आणि आरोग्य, भाग ६)

मागच्या भागात दक्षिण आफ्रिकेतल्या 'सोल सिटी' या टीव्ही मालिकेबद्दल वाचलंत. आज त्याच देशातल्या, नव्वदच्या दशकातल्या शाळांमध्ये जाऊ. पण आधी एका फसलेल्या नाटकाबद्दल सांगायला हवं. ते शेजारी ठेवल्याशिवाय शाळांमधल्या कामाचं मोल कळत नाही.

एम्बोंगेनी एन्गेमा हे तिथले गाजलेले नाटककार. १९७६च्या सोवेटोतल्या विद्यार्थी उठावावर त्यांनी केलेलं 'सराफिना!' हे संगीत नाटक ब्रॉडवेपर्यंत पोहोचलं, पुढे १९९२मध्ये त्यावर चित्रपट आला. १९९५मध्ये देशाच्या आरोग्य खात्याने त्यांच्याकडे एड्सविषयीचं 'सराफिना-२' सोपवलं आणि त्यासाठी १ कोटी ४० लाखांहून जास्त रँड मंजूर केले. नाच-गाणी भरपूर होती. एड्सवर काम करणाऱ्या संस्थांना मात्र प्रयोग पाहून धक्का बसला, कारण आजारापासून बचाव कसा करायचा याबद्दलच नाटकात गोंधळ होता. कंत्राट दिलं कसं याची चौकशी झाली आणि १९९६मध्ये नाटक गुंडाळावं लागलं.

तोवर क्वाझुलू-नाताल प्रांतात दुसरं एक काम सुरू होऊन काही वर्षं झाली होती. झुलूलँड विद्यापीठाच्या नाट्यविभागातल्या लिन डॅलरिम्पल यांनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ते उभं केलं. नाव 'ड्रामा इन एड्स एज्युकेशन', थोडक्यात 'ड्रामएड'. आधी नट आणि परिचारिका मिळून शाळेत यायचे, एक छोटं नाटक करायचे, मुलांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायचे. मग शिक्षक आणि विद्यार्थ्यांसाठी नाट्य-कार्यशाळा व्हायची. शेवटी शाळेत एक खुला दिवस. त्या दिवशी मुलं स्वतः रचलेली नाटकं, गाणी, नाच आणि कविता आई-वडिलांसमोर, गावासमोर सादर करायची. पाहुण्यांचं नाटक ही नुसती सुरुवात होती, खरं नाटक मुलांचं.

हे इतकं महत्त्वाचं का, ते तिथल्या झुलू समाजाच्या घरांतली रीत लक्षात घेतली की कळतं. वडीलधाऱ्यांचा मान राखण्याच्या तिथल्या रिवाजाला 'हलोनिफा' म्हणतात. त्यात कोणासमोर काय बोलायचं आणि काय नाही, याची बंधनं आहेत. शरीरसंबंधांबद्दल मोठ्यांसमोर ब्र काढायची सोय नाही. आपल्याकडच्या वाचकाला हे वेगळं समजावून सांगायला नको. अशा घरातल्या मुलीला कंडोमची माहिती पत्रकातून मिळते, पण ती माहिती तोंडाने उच्चारायची कशी, हे पत्रक शिकवत नाही.

अशा कार्यशाळेतला एक साधा प्रसंग घ्या. दोन खुर्च्या. एकीवर मुलगी, दुसरीवर मुलगा. मुलगी कंडोमचा विषय काढते. मुलगा म्हणतो, "म्हणजे तुझा माझ्यावर विश्वास नाही?" मुलगी गप्प. बघणारी मुलं हसतात, ओरडतात. मग वर्गातली दुसरी मुलगी उठते, तिच्या जागी बसते आणि वेगळं उत्तर देऊन बघते. तिसरी येते. त्यानंतर मुलाला मुलीच्या खुर्चीवर बसवतात आणि त्याचाच प्रश्न त्याला विचारतात. तिथे त्याची जीभ अडखळते. अडखळलेल्या त्या घटकेत तो जे शिकतो, ते तासभराच्या भाषणाने शिकून होत नाही, असं मला ठामपणे वाटतं.

ड्रामएडच्या या कामाची पारखही झाली. प्रांतातल्या माध्यमिक शाळांच्या सात जोड्या घेतल्या. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा निवडीने प्रत्येक जोडीतल्या एका शाळेत नाटकाचा कार्यक्रम केला, दुसरीत फक्त छापील माहिती दिली. सुरुवातीला १,०८० विद्यार्थ्यांनी प्रश्नावली भरली, सहा महिन्यांनी ६९९ जणांनी. नाटकाच्या शाळांमध्ये ज्ञान आणि दृष्टिकोन दोन्ही जास्त सुधारले होते, आणि ज्यांचे शरीरसंबंध होते त्यांनी कंडोमचा वापर वाढल्याचं सांगितलं. हा अभ्यास २०००मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांनी स्वतःबद्दल सांगितलेल्या उत्तरांवर तो उभा आहे आणि मधे बरीच मुलं गळाली, हे धरूनही निष्कर्ष दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

पण नाटकाने साथ थांबली नाही. १९९८मध्ये क्वाझुलू-नातालमधल्या सरकारी दवाखान्यांत तपासलेल्या गरोदर स्त्रियांपैकी ३२.५ टक्के एचआयव्हीबाधित निघाल्या. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये गुगू डलामिनी या तरुणीने आपल्याला एचआयव्ही असल्याचं जाहीर सांगितलं आणि डर्बनजवळच्या क्वामाशू वस्तीत जमावाने तिला मारहाण करून ठार केलं. औषधं तेव्हा गरिबाच्या आवाक्यात नव्हती. तीन औषधांच्या उपचाराला वर्षाला दहा हजार डॉलरहून जास्त लागायचे. २००१मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीने वर्षाला ३५० डॉलरमध्ये तो देऊ केला, तेव्हा आफ्रिकेतलं चित्र पालटायला लागलं. तोवर, मरणारच आहोत असं वाटणाऱ्या माणसाला तपासणीला जायला कुठलं नाटक सांगणार होतं?

आता आपल्याकडे येतो. १ डिसेंबरचा जागतिक एड्स दिन जवळ आला की महाविद्यालयांतली राष्ट्रीय सेवा योजनेची आणि रेड रिबन क्लबची मुलं बसस्थानकावर, बाजारात पथनाट्य करतात. मुलं जीव ओतून करतात, घसा फुटेस्तोवर ओरडतात. संहिता मात्र बहुतेकदा सरांनी लिहिलेली असते. काळे कपडे घातलेला यमराज येतो, एड्सचा राक्षस येतो, चुकलेला तरुण शेवटी मरतो. मला हे मनापासून खटकतं. भारतात २००४पासून एचआयव्हीची औषधं सरकारी केंद्रांत मोफत मिळतात. नियमित उपचाराने रक्तातला विषाणू तपासणीत सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, की शरीरसंबंधातून तो जोडीदाराकडे जात नाही. बघ्यांमध्ये गोळ्या घेऊन ठणठणीत जगणारा कोणी उभा असेल, तर त्याला यमराज दाखवून आपण काय सांगतो?

यंदा पथनाट्य बसवणाऱ्यांनी संहिता हातात घेण्याआधी जवळच्या सरकारी रुग्णालयातल्या समुपदेशन व चाचणी केंद्रात एक दुपार घालवावी. समुपदेशकाला विचारावं, लोक तुमच्याकडे यायला कशाला घाबरतात? त्या उत्तरांतून मुलांनीच प्रसंग रचावेत, शेवटचा प्रसंग अर्धा सोडावा आणि बघ्यांतल्या एखाद्याला म्हणावं, "तुम्ही या, तुम्ही काय केलं असतं?" प्रेक्षकाला असं नाटकात ओढण्याची पद्धत ब्राझीलच्या ऑगुस्तो बोआल यांनी घडवली. तिच्याबद्दल पुढच्या आठवड्यात.