आधी भेट, मग प्रश्न

मुलाखत म्हटलं की आपण प्रश्नांची यादी करायला बसतो. पण मुलाखत रंगते किंवा फसते ती बहुधा पहिल्या आणि शेवटच्या पाच मिनिटांत. शब्दच पाहा ना! अरबीतून फारसी-उर्दूच्या वाटेनं मराठीत आलेल्या 'मुलाखती'चा मूळ अर्थ नुसता 'भेट' असा आहे.

रेडिओच्या स्टुडिओत एक जुनी रीत आहे. ध्वनिमुद्रणापूर्वी आवाजाची पातळी बघायची असते, तेव्हा पाहुण्याला विचारतात, "सकाळी न्याहारीला काय घेतलंत?" माणूस पोह्यांविषयी बोलू लागतो. तंत्रज्ञाचं काम होतं आणि पाहुण्याची माइकची भीतीही जाते.

कुणाच्या घरी जाऊन मुलाखत घ्यायची असेल, तर यंत्र सुरू करण्याआधी चार गोष्टी सांगाव्यात. आपण कोण, कशासाठी आलो, किती वेळ लागेल आणि हे बोलणं कुठे छापलं किंवा ऐकवलं जाईल. नको वाटेल त्या प्रश्नाचं उत्तर न देण्याची मोकळीक आहे, हेही सांगावं. चहा आला तर आधी चहा घ्यावा.

पहिला प्रश्न सोपा, पण नेमका हवा. मालेगावात एका वयोवृद्ध यंत्रमाग कामगाराशी मी बोलत होतो. "आपल्या जीवनप्रवासाविषयी सांगा," असं म्हटलं असतं तर ते गप्पच बसले असते. एवढं आयुष्य कुठून उलगडायचं? मी विचारलं, "चाचा, पहिली मजुरी कुणाच्या हातावर ठेवलीत?" ते हसले, "अम्मीच्या," म्हणाले, आणि पुढचा तासभर मला फारसं विचारावंच लागलं नाही.

शेवटाची चाहूल आधीच द्यावी. "आता दोनच प्रश्न," असं म्हटलं की समोरचा मनातलं आवरून घेतो. दुखरा प्रश्न मध्यावर विचारावा. कुणाला रडवून तसंच उठून येऊ नये. अखेरीस विचारावं, "मी विचारायचं राहून गेलं, असं काही आहे?" आणि गप्प बसावं. पुष्कळदा खरी गोष्ट त्या शांततेनंतर येते.

कधी ती यंत्र बंद केल्यावर येते. चाचांनीही तेव्हाच धाकट्या भावाविषयी काही सांगितलं. मी विचारलं, "हे घेऊ का?" त्यांनी मान हलवली, नको. ते मी कुठे लिहिलं नाही, लिहिणारही नाही. यंत्र बंद झालं की बोलणं पुन्हा सांगणाऱ्याचं होतं.

निघण्यापूर्वी नाव आणि गाव त्यांच्याच तोंडून नीट लिहून घ्यावं. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या पुढाकारानं महाराष्ट्राच्या खेड्यांतून जात्यावरच्या १ लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. त्या ओव्यांसोबत गाणाऱ्या बायांची नावं आणि गावंही नोंदली गेली. ज्याचे शब्द, त्याचं नाव.

आभार मोघम नसावेत. "तुम्ही मागाच्या आवाजाचं सांगितलंत, ते मला ठाऊक नव्हतं," असं म्हणावं. प्रसारणाची तारीख कळवतो म्हटलं तर कळवावी, अंक पाठवतो म्हटलं तर पाठवावा. त्या घरी उद्या दुसरं कुणी वही घेऊन जाईल. त्याचं स्वागत कसं होईल, ते आपल्या वागण्यावर ठरतं.