लोकांनी दिलेले नाव

साहेबांचा उद्या मूड कसा असेल, ही चिंता नोकरदारांना रविवारी संध्याकाळीच सुरू होते. पण साहेबांनाही एक चिंता असते, आपण लोकांच्या नजरेत कसे आहोत याची! पूर्वी याला ‘छाप पाडणे’ म्हणत, हल्ली ‘पर्सनल ब्रँड’ म्हणतात. कसे बोलावे, काय नेसावे, स्वतःविषयी चार ओळींत काय सांगावे, हे शिकवणारी शिबिरे भरतात. त्यात गैर काही नाही. पण नेत्याची खरी ओळख कशी घडते हे पाहायचे असेल, तर डहाणू-तलासरीची वाट धरावी.

गोदावरी गोखले यांचा जन्म १९०७ सालचा, पुण्याच्या सुखवस्तू वकिली घराण्यातला. त्या स्वतः कायद्याच्या पदवीधर झाल्या, भारत सेवक समाजाच्या पहिल्या स्त्री आजीव सदस्य झाल्या. शामराव परुळेकरांशी लग्न झाल्यावर दोघे शेतकऱ्यांच्या चळवळीत उतरले. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली. तिथे ठाणे जिल्ह्याच्या उत्तर भागातले काही वारली आले आणि त्यांनी आपली कहाणी सांगितली. जमीनदाराच्या शेतावर फुकट राबायचे, ती वेठ. लग्नासाठी कर्ज काढले की नवरा-बायकोने जन्मभर सावकाराकडे राबायचे, ती लगीनगडीची चाल.

या लोकांनी पुण्याच्या एका शिकलेल्या बाईवर विश्वास का ठेवावा? धुतलेल्या कपड्यातला माणूस पाड्यावर आला तो काही तरी घ्यायलाच, हा त्यांचा पिढ्यांचा अनुभव. सावकार, ठेकेदार, जंगलखात्याचा शिपाई, पोलीस, सगळे एका माळेचे मणी. तिथे पदवी उपयोगाची नव्हती, भाषणही नव्हते. गोदावरीबाई पाड्यापाड्यांवर पायी हिंडल्या, झोपड्यांत राहिल्या, तिथे असेल ते खाल्ले, आणि बोलण्यापेक्षा ऐकले अधिक. २३ मे १९४५ रोजी झरी गावी सुमारे पाच हजार वारली जमले. वेठ करायची नाही, लगीनगडी राहायचे नाही, असे ठरले. ठराव करून मंडळी घरी बसली नाहीत. लगीनगड्यांना मोकळे करीत ती गावोगाव फिरली. ‘गोदाराणी’ हे नाव वारल्यांनी दिले ते असे. ते त्यांनी स्वतः निवडले नव्हते.

अशा नावाचे मोल किती, हे त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याला कळले. गवतकापणीची मजुरी पाचशे रत्तलांना अडीच रुपये मिळावी, ही तेव्हाची मागणी. बाईंची सभा आहे, त्यांच्या जिवाला धोका आहे, अशी खोटीच हूल कुणी उठवली आणि हजारो वारली रात्रीच धावले. जमावावर गोळीबार झाला. जेठ्या गांगड आणि आणखी चौघे प्राणास मुकले. ज्या नावाखातर माणसे धावून येतात, ते नाव दुसऱ्याच्या हाती लागले तर काय होते, हे ओळख ‘घडवू’ पाहणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावे. विश्वास कमावणाऱ्यावर त्याची राखणही येऊन पडते.

पुढे परुळेकर दांपत्यावर जिल्हाबंदी आली. चळवळ मात्र थांबली नाही. वारल्यांनीच ती चालवली. साहेब रजेवर गेल्यावर कचेरी कशी चालते, यावरूनच साहेबाची पारख होते, नाही का? त्यांची राजकीय मते कुणाला पटोत वा न पटोत, एवढे मान्य करावेच लागेल. या लढ्यावर त्यांनी १९७० साली पुस्तक लिहिले, त्याला १९७२ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्याचे नाव ‘जेव्हा माणूस जागा होतो’. लिहिणाऱ्या बाई, पण नावात ‘मी’ कुठेच नाही!

याच परिसरात, त्याच १९४५ साली, ताराबाई मोडक बोर्डीला आल्या आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. पाड्यावरची मुले शाळेत येईनात. तेव्हा मुलांना दोष न देता शाळाच त्यांच्या अंगणात नेली, गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणात नेली. पुढे दोघींनी हेच काम कोसबाडच्या टेकडीवर वाढवले. अंगणवाडी हा शब्द १९७५ साली सुरू झालेल्या सरकारी योजनेने देशभर नेला. आज खेड्यातले पोरही तो शब्द बोलते. ताराबाई कोण, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते.

एकीला लोकांनी नाव दिले, दुसरीचे काम लोकांच्या तोंडी शब्द होऊन राहिले. दोघींनीही आरशात पाहण्यात वेळ घालवला नाही. उद्या सोमवार आहे. आपल्या हाताखालची माणसे आपल्या पाठीमागे आपल्याला कोणत्या नावाने ओळखतात, याचा अंदाज घेऊन पाहायला हरकत नाही. ते नाव आवडले नाही, तर सदरा बदलून भागणार नाही.