आजीला होडीत बसवायचे, तर तळे कोणते?

वाचकहो, वर्षअखेरच्या सुट्टीचे दिवस जवळ येऊ लागले की आपल्या बेटावरच्या पुष्कळ मराठी घरांत एक विषय हमखास निघतो. यंदा वाडवडिलांच्या मुलखात जाऊन यायचे का? तिकिटांचा हिशेब होतो, देवदर्शनाची यादी होते, साड्यांची यादी तर त्याहून लांब होते. आणि मग घरातली मुले विचारतात, “आमच्यासाठी काय?”

मुलांसाठी नौकाविहार ठेवावा, असे आम्ही दोन वर्षांपूर्वी ठरवले. आम्ही घरची नऊ माणसे निघालो होतो. सर्वांत लहान मुलगी ५ वर्षांची, तर आजी ७८ वर्षांची. तळे कोणते, यावरून आठवडाभर वाद चालला. मुलांना मोठे तळे आणि वेगाची मोटरबोट हवी होती. बायकांना थंड हवेचे ठिकाण हवे होते. काकांना शिर्डीच्या वाटेवरचे काहीतरी हवे होते. आजीला कुणी विचारलेच नाही. तिला हॉटेलात ठेवून जायचे, असे जणू ठरूनच गेले होते. तेव्हा ती म्हणाली, “आपले वाडवडील जहाजात बसून इतका समुद्र ओलांडून आले. मी एक तळे ओलांडायला भिते की काय?”

सगळे गप्प झाले. आम्ही तळ्यांची तुलना करीत होतो, पण होडीत बसणार कोण, हे कुणी मोजलेच नव्हते. त्या प्रवासात आम्ही जे शिकलो, ते आज वाचकांपुढे ठेवतो.

समुद्र ओळखीचा, तळे अनोळखी

आपल्याकडे पाण्याला तोटा नाही. पण तळ्यातल्या होडीची आपल्याला सवय नाही. गंगा तलाव हे आपले तीर्थ. महाशिवरात्रीला कावड खांद्यावर घेऊन तिथे पायी जायचे, होडीची हौस तिथे करायची नाही. मार ओ वाक्वा हा बेटावरचा सर्वांत मोठा जलाशय, पण त्याचे पाणी घरोघरी पिण्यासाठी जाते. त्यामुळे आपली मुले होडीत बसतात ती लगूनमध्ये, प्रवाळाच्या कड्याच्या आतल्या शांत पाण्यात. तिथे पाणी बरेच ठिकाणी उथळ असते आणि तळाची वाळूही दिसते.

महाराष्ट्रातल्या मोठ्या तळ्यांचे तसे नाही. त्यांतली बहुतेक धरणामागे साठलेली आहेत. म्हणजे एक अख्खी दरीच पाण्याने भरलेली असते. काठापासून चार पावलांवर पाणी एकदम खोल होते. खाली चिखल असतो, झाडांचे बुंधे असतात, जुन्या भिंती असतात. शिवाय समुद्राचे खारे पाणी अंगाला जेवढे उचलून धरते, तेवढे गोडे पाणी धरत नाही. आपला मुलगा फ्लिक-आँ-फ्लाकला मैलभर पोहतो, म्हणून तो धरणातही तसाच पोहेल, असे समजू नये.

केव्हा जावे

या बाबतीत आपले नशीब चांगले. आपली वर्षअखेरची सुट्टी आणि तिकडचा उत्तम हंगाम एकाच वेळी येतात. जून ते सप्टेंबर सह्याद्रीत पाऊस कोसळतो, तेव्हा होडीचा विचारच सोडावा. दिवाळीनंतर तळी काठोकाठ भरलेली असतात, आकाश निरभ्र असते, वाराही बेताचा असतो.

जानेवारीनंतर धरणाचे पाणी शेतीसाठी आणि विजेसाठी सोडले जाते. मग पातळी महिन्यामहिन्याने उतरत जाते आणि होडीचा धक्काही खाली खाली सरकतो. डिसेंबरात जिथे मोटारीतून उतरून होडीत बसता येते, तिथेच मे महिन्यात तापलेल्या उतारावरून बरेच खाली चालावे लागते. आजी-आजोबा बरोबर असतील तर हा मुद्दा साधा नाही.

एप्रिल-मे महिन्यांत दुसरे भय असते ते दुपारनंतरच्या वळवाच्या वाऱ्याचे. २१ मे २०२४ रोजी उजनी धरणाच्या पाण्यात सोसाट्याच्या वाऱ्याने एक प्रवासी होडी उलटली आणि ६ माणसे बुडाली. ती माणसे सहलीला आलेली नव्हती. रोजच्यासारखी एका काठावरून दुसऱ्या काठाला निघाली होती. म्हणून त्या दिवसांत कुणी बोलावले तरी होडी सकाळीच घ्यावी.

चार तळी

पहिले तळे महाबळेश्वरचे, वेण्णा. सातारच्या छत्रपती आप्पासाहेब महाराजांनी ते १८४२ साली बांधून घेतले. ते लहानसे आहे, सुमारे २८ एकरांचे. कुठूनही काठ दिसतो. वल्ह्याच्या होड्या आहेत, पायाने चालवायच्या होड्या आहेत, काठावर भाजलेली कणसे आहेत, मुलांसाठी घोडे आहेत. मोठ्या मुलांना ते पोरखेळ वाटते, नाताळच्या आठवड्यात गर्दीही फार असते. पण ज्याने आयुष्यात होडी पाहिली नाही, त्याची भीती मोडायला असे तळेच चांगले. एक मात्र सांगून ठेवतो. ठिकाण साडेचार हजार फूट उंचीवर आहे. डिसेंबरातली सकाळ आपल्या क्युरपीपच्या हिवाळ्यापेक्षाही बोचरी असते. आजीला शाल आणि मुलांना स्वेटर हवाच.

दुसरे भंडारदऱ्याचे. प्रवरा नदीवरचे हे धरण इंग्रजांच्या काळात, १९२६ साली पुरे झाले. शिर्डी, नाशिक, त्र्यंबकेश्वर ही यात्रा करणाऱ्यांना ते सोयीचे. नाशिकहून सुमारे ७० किलोमीटर. पाणी ओलांडून पलीकडे गेले की रतनवाडीला अमृतेश्वराचे कोरीव दगडी देऊळ आहे. म्हणजे मुलांना होडी मिळते आणि वडीलधाऱ्यांना देवदर्शन. घरात ज्यांचे मत दोन बाजूंना ओढते, त्यांनी या तळ्याचा जरूर विचार करावा.

तिसरे शिवसागर. कोयना धरण १९६४ साली पुरे झाले आणि त्याच्यामागे सुमारे ५० किलोमीटर लांबीचे पाणी पसरले. महाबळेश्वरहून घाट उतरून तापोळ्याला येता येते, किंवा साताऱ्याहून कासच्या पठारावरून बामणोलीला. इथे मोटरबोटी आहेत, फेऱ्या लांब आहेत. वासोट्याचा किल्ला पाहायचा तर बामणोलीहून दीड तासाच्या आसपास होडीने जाऊन पुढे जंगलातून चढावे लागते, आणि वनखात्याची परवानगी घ्यावी लागते. तो बेत तरण्याताठ्यांनीच करावा. लहान मुले आणि म्हातारी माणसे असतील तर तापोळ्याची तासाभराची फेरी पुरे.

चौथे धामापूर. मालवण आणि कुडाळ यांच्या दरम्यान, दोन्ही बाजूंना झाडीचे डोंगर आणि काठावर भगवतीचे देऊळ. हे तळे १५३० सालचे आहे, म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्याही शंभर वर्षे आधीचे. २०२० साली जागतिक वारसा सिंचन स्थळांत त्याची गणना झाली. आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज रत्नागिरी आणि सावंतवाडीकडचे. जुन्या कागदांवर ‘रत्नागिरी’ लिहिलेले गाव आज सिंधुदुर्ग जिल्ह्यात असू शकते, कारण तो जिल्हा १९८१ साली रत्नागिरीतूनच वेगळा झाला. गाव शोधायला जाणाऱ्यांनी हे तळे वाटेत धरावे. मात्र होडी चालू आहे का, हे आधी विचारून घ्यावे. आम्ही गेलो त्या दिवशी नव्हती.

होडीत पाय ठेवण्यापूर्वी

आता आमची फजिती सांगतो. तळ्याचे नाव सांगत नाही. वरच्या चारांपैकी ते नव्हे. एका संध्याकाळी आम्ही पैसे भरून धक्क्यावर उभे राहिलो. होडीवाल्याने आम्हा नऊ जणांबरोबर आणखी चौघांना बसवायला सुरुवात केली. तरंगजाकिटे होती पाच. मुलांच्या मापाचे एकही नव्हते. “पाणी शांत आहे हो, कशाला हवीत?” असे तो म्हणाला. आमच्यातल्या एकाने पाच वर्षांच्या मुलीला मोठ्या माणसाचे जाकीट चढवून पाहिले. तिचे हात वर करताच ते डोक्यावरून सरळ निघून आले. आम्ही सगळे खाली उतरलो. पैसे परत मिळाले नाहीत. मुले रडली, थोरला मुलगा तर जेवेपर्यंत बोलला नाही.

त्या रात्री आम्ही त्याला बडोद्याची हकिगत सांगितली. १८ जानेवारी २०२४ रोजी तिथल्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची होडी उलटली. होडीत माणसे जास्त होती आणि पुष्कळांच्या अंगावर जाकिटे नव्हती. १२ मुले आणि २ शिक्षिका गेल्या. ते तळे शहरातले होते आणि हंगामही चांगला होता. मुलगा ऐकून घेत होता. सकाळी त्याने स्वतःच धाकटीचा हात धरला.

तेव्हा वाचकांनी एवढे अवश्य करावे. होडीत किती माणसांची मुभा आहे, हे पैसे देण्याआधी विचारावे. जाकीट प्रत्येकाला, मापाचे, पट्टे आवळून. मुलाच्या खांद्यांजवळ धरून ते वर ओढून पाहावे. हनुवटीवर सरकले तर ते कामाचे नाही. आजीची साडी थोडी वर खोचून घ्यावी, तिला होडीच्या मधोमध पाय ठेवायला लावावे आणि दोन माणसांनी आधार द्यावा. फोटोसाठी कुणी उभे राहू नये. फेरी किती वेळाची आणि दर माणशी की होडीमागे, हे मराठीतच विचारावे. आपली मराठी ऐकून ते लोक जरा हसतात, पण दर मात्र सरळ सांगतात.

पाण्याखालचे गाव

आम्ही शेवटी काय निवडले? आधी वेण्णा, तिथे आजीची भीती आणि आमचीही भीती गेली. दुसऱ्या दिवशी तापोळा. तिथे रुंद, छप्पर असलेली होडी मिळाली. जाकिटे नऊच्या नऊ होती, त्यांत एक लहान मुलांचेही.

मध्यावर आल्यावर होडीवाल्याने इंजिन मंद केले आणि पाण्याकडे बोट दाखवले. “आमचं गाव हितं खाली हाय,” तो म्हणाला. त्याचा जन्म धरणानंतरचा. गाव त्याने पाहिलेले नाही, आजोबांकडून ऐकलेले. धरण झाले तेव्हा या खोऱ्यातली माणसे लांबलांबच्या जिल्ह्यांत पाठवली गेली आणि कित्येकांच्या पर्यायी जमिनीचा प्रश्न पुढे दशकानुदशके लोंबकळत राहिला. त्याच्या घरचे काही लोक मात्र वर डोंगराकडे सरकून राहिले. ज्या शेतावर आजोबांनी नांगर धरला, त्या शेतावरून नातू होडी चालवतो.

आजीने गावाचे नाव विचारले. त्याने सांगितले. तिने ते दोनदा उच्चारले आणि हात जोडले. परतताना म्हणाली, “याचं गाव खाली गेलं. आपलं गाव तर वर आहे अजून, आपणच निघून गेलो.”

पुढे धामापूरला होडी मिळाली नाही, तेव्हा मुले हिरमुसली. आजी मात्र देवळाजवळ काठावर पाय पाण्यात सोडून तासभर बसून राहिली. तिला उठवायची कुणालाच घाई झाली नाही.

तेव्हा वाचकहो, तळे मोठे की लहान, प्रसिद्ध की आडवाटेचे, हा वाद घरात जरूर घालावा. पण त्याआधी एका कागदावर होडीत बसणाऱ्यांची नावे आणि वये लिहावीत. सर्वांत लहान आणि सर्वांत थोर, ही दोन माणसे ज्या तळ्यावर सुखाने बसतील, ते आपले तळे. बाकीच्यांची हौस त्यात आपोआप भागते.

आपणा सर्वांची सहल सुखरूप होवो.