घरातला रविवर्मा: मूळ, छापील की नक्कल?

सोलापुरातल्या जुन्या घरांत राजा रविवर्मांची लक्ष्मी किंवा सरस्वती हमखास दिसते. "पणजोबांच्या काळातलं आहे, म्हणजे ओरिजिनलच," असंही हमखास ऐकायला मिळतं. माझं पीएचडीचं काम रंगद्रव्यांवर आहे, त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे वरचेवर येतो. पण 'जुनं' आणि 'मूळ' हे दोन वेगळे दावे आहेत.

रविवर्मांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथे तैलचित्रांच्या छापील प्रती निघत, त्यांना ओलिओग्राफ म्हणतात. चुनखडीच्या गुळगुळीत दगडावर चित्र उतरवायचं, प्रत्येक रंगाला वेगळा दगड, आणि शेवटी वॉर्निश. त्यामुळे आपल्यासमोर तीन शक्यता असतात: मूळ तैलचित्र, ओलिओग्राफ, किंवा सजावटीसाठी कुणीतरी हाताने रंगवलेली नक्कल.

ओलिओग्राफ ओळखणं सोपं. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि गालावरची सावली बघा. बारीक, अनियमित ठिपके दिसले तर ती दगडावरची छपाई. ठिपके अगदी शिस्तीत, फुलासारखे मांडलेले असतील तर ती अलीकडची ऑफसेट छपाई. हल्ली कॅनव्हासवर प्रिंट काढून वर पारदर्शक जेलचे फटकारे मारतात. तिथे फटकारा एकीकडे जातो आणि रंगाची कड दुसरीकडे, म्हणजे दोघांचा मेळ बसत नाही.

मग चित्र उलटं करा. सोलापुरी चादर पारखताना आपण हेच करतो ना? जेकार्डवर विणलेली नक्षी मागच्या बाजूला उलट्या रंगांत दिसते, छापलेली तशी दिसत नाही. चित्राची पाठही बोलते. कापड की कागद, लाकडी चौकट किती जुनी, खिळे कसले, हे सगळं तिथे कळतं. अर्थात जुनं कापड आणि जुनी चौकट विकतही मिळते, म्हणून एवढ्यावर निकाल देऊ नका.

खरी अडचण हाताने रंगवलेल्या नकलेची. तिथे ठिपके नसतात, रंग खराच तैलरंग असतो. इथे दोन गोष्टी उपयोगी पडतात.

पहिली म्हणजे चित्रकाराचं मन बदलणं. मूळ चित्रकार हात थोडा वर घेतो, पदर सरकवतो, आधीचं झाकून टाकतो. हे बदल क्ष-किरण किंवा अवरक्त प्रकाशात दिसू शकतात. नक्कल करणाऱ्यासमोर तयार चित्र असतं, त्याला सहसा असं काही बदलावं लागत नाही.

दुसरी म्हणजे रंगांचं वय. रविवर्मा १९०६ मध्ये गेले. टायटॅनियमचा पांढरा रंग चित्रकारांच्या हाती आला तो १९२० च्या सुमारास, आणि थॅलोसायनीन निळा १९३५ नंतर. क्ष-किरण प्रतिदीप्ती या तपासणीत चित्राला धक्का न लावता त्यातली मूलद्रव्यं कळतात. मूळ थरातच भरपूर टायटॅनियम सापडलं, तर ते चित्र रविवर्मांचं नाही. फक्त तो रंग नंतरच्या डागडुजीचा नाही ना, हे आधी बघावं लागतं.

याचं उलट मात्र खरं नाही! टायटॅनियम सापडलं नाही म्हणून चित्र मूळ ठरत नाही. त्याच काळातल्या दुसऱ्या चित्रकारानेही शिशाचा किंवा जस्ताचा पांढरा वापरलाच असेल. प्रयोगशाळा एखादा दावा खोडू शकते. तो सिद्ध करायला चित्र कुणाकडून कुणाकडे गेलं याची कागदपत्रं आणि जाणकाराची नजर लागते.

हे सगळं कशासाठी? एक तर पैशासाठी. नकलेला कुणी लाखो रुपये मोजतं, तर कुणी मूळ चित्र भंगारात देतं. शिवाय १९७९ पासून रविवर्मांची चित्रं कायद्याने राष्ट्रीय कलाठेवा आहेत, ती विकायला देशाबाहेर नेता येत नाहीत. आणि सगळ्यात मोठा धोका घरातच असतो. 'ऑइल पेंटिंग आहे, पुसलं तर उजळेल' म्हणून लोक ओल्या फडक्याने नाहीतर रॉकेलने चित्र पुसतात. खाली कागद असला की तो फुगतो आणि रंगाचे पोपडे निघतात.

तेव्हा आधी भिंग लावा, मग पाठ बघा, आणि शंका उरली तर तिरक्या उजेडात फोटो काढून कलासंवर्धकाला दाखवा. तोवर चित्राला हात लावू नका. ओलिओग्राफच निघाला तरी तो शंभर वर्षांपूर्वीचा असू शकतो, आणि तोही जपण्यासारखा आहे.